पंच नसलेल्या बाईचे मृत्युपत्र

मी, ऑर्फा हॅस्किन्स लॉकर्बी, कै. इनॉक लॉकर्बी यांची विधवा, वय वर्षे सहासष्ट, राहणार हॅलम लँडिंग, वॉशिंग्टन राज्य, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. माझे पाय सुजले आहेत आणि डॉक्टरांच्या मते माझे हृदय फार दिवस काढणार नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. मी रागात आहे हे खरे. पण राग म्हणजे भ्रमिष्टपणा नव्हे, आणि उद्या एखादा वकील कोर्टात तसे म्हणालाच तर त्याला हेच वाक्य वाचून दाखवावे. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

कलम पहिले. जमीन.

माझ्या नावावर आज अकरा एकर जमीन उरली आहे. पूर्वेस गाडीरस्ता, पश्चिमेस समुद्राची खाडी, उत्तरेस शाळेचे आवार, दक्षिणेस ओढा. १८५२ साली आम्ही बैलगाडीने इथे पोचलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. त्या काळच्या कायद्याने नवराबायकोला मिळून तीनशेवीस एकर मिळत, निम्मे नवऱ्याच्या नावे, निम्मे बायकोच्या नावे. सरकारच्या दप्तरात माझ्या आईचे नाव बापाच्या नावाखाली नव्हते, शेजारी होते. आई तो कागद पिठाच्या डब्यात ठेवायची आणि बाप आवाज चढवू लागला की डब्यावर हात ठेवून म्हणायची, "तुमच्या बाजूला जाऊन ओरडा. ही बाजू माझी आहे."

पण ती बाजू तिचीही नव्हती. आम्ही झोपडी बांधली तेव्हा खाडीच्या काठावर इथल्या मूळ रहिवाशांच्या मासे वाळत घालायच्या मांडवांचे खांब उभे होते, आणि त्यांची माणसे जिवंत होती. दोन वर्षांनी तह झाला, अंगठे घेतले गेले, आणि त्यांना पलीकडच्या राखीव जमिनीवर हलवले. कायदा करणाऱ्यांनी आधी जमीन वाटली आणि मग ती कोणाची आहे हे विचारले. मी तेव्हा लहान होते, पण नंतर मोठी झाले आणि तरीही त्याच जमिनीचे बटाटे खात राहिले. तेव्हा या बाबतीत मी कोणाला शिकवायला जात नाही.

त्या मूळ रहिवाशांपैकी लुईसा जॅक आणि तिची माणसे दर वसंतात भरती ओसरली की शिंपले काढायला येतात. त्यांना ओढ्याच्या वाटेने खाडीवर जाण्यायेण्यास कायम मोकळीक असावी, कोणीही कुंपण घालू नये. हे मी त्यांना देते असे कोणी लिहू नये. अडवू नये, एवढेच लिहावे.

कलम दुसरे. घर.

नऊ खोल्यांचे घर, ज्यात मी सव्वीस वर्षे खाणावळ चालवली, स्वयंपाकघरातील मोठी चूल, शिवणयंत्र, भांडी, पलंग, गाद्या आणि वर सांगितलेली अकरा एकर जमीन, हे सर्व निर्वेधपणे सिग्ने हिला मिळावे. सिग्ने ही कै. रॅग्नहिल्ड टोर्सेन हिची मुलगी, वय एकोणतीस. गावच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवते. पाच वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. कशी आली ते लिहिले नाही तर पुढचे कलम कळणार नाही, म्हणून लिहिते.

तिची आई रॅग्नहिल्ड नॉर्वेहून आली होती. नवरा जंगलात झाड अंगावर पडून मेला. मग ती सायलस ब्रॅमच्या वखारीतल्या लाकूडतोड्यांचे कपडे धुऊ लागली. ब्रॅम मालक होता, मोठा माणूस. त्याला तिच्या दारात येऊन बसायची सवय लागली. तिने मला एकदा सांगितले, "बाई, हा माणूस उठतच नाही. मी त्याच्या पायांखालून झाडून घेते तरी उठत नाही." शेवटी तिने मुलीला घेऊन टकोमाला जायचे ठरवले. ज्या आठवड्यात ती आगबोटीने जायची होती त्या आठवड्यात ती वखारीच्या धक्क्याखाली पाण्यात मेलेली सापडली.

तेव्हा आम्ही राज्य नव्हतो, नुसता प्रदेश होतो. पण त्या प्रदेशाच्या विधिमंडळाने १८८३ साली बायकांना मताचा हक्क दिला होता. मत देणारा तो पंच होण्यास पात्र, म्हणून आम्ही ज्युरीवरही बसू लागलो. १८८६ च्या मार्च महिन्यात रॅग्नहिल्डच्या मृत्यूबद्दल ब्रॅमवर खटला चालला, त्यात मला समन्स आले. आठ पुरुष आणि आम्ही चार बायका. कॉर्डेलिया बाँड, मिसेस ऱ्हुडा पेल, मिसेस ॲन स्टॅनिफर आणि मी.

ब्रॅमचे म्हणणे असे की बाई धक्क्यावर कपडे धूत होती, पाय घसरला. त्याच्या मानेवर ओरखडे होते, ते म्हणे फांदीचे. पुरुष मंडळींनी ते मान्य केलेच होते. ज्युरीचा प्रमुख ऑगस्ट थीड खुर्ची मागे सारून उठायच्या बेतात होता.

मी म्हटले, "थांबा. तिचा झगा पुन्हा बघायचाय."

झगा टेबलावर आणला. खाऱ्या पाण्याने कडक झालेला होता. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खाली, आणि प्रत्येक मनगटावर तीन तीन बटणे लावलेली.

"थीड, तुमचे शर्ट कोण धुतं?"

"बायको धुते. त्याचा काय संबंध?"

"धुताना तिच्या बाह्या कुठे असतात?"

कॉर्डेलिया म्हणाली, "कोपराच्या वर. साबणाच्या पाण्यात मनगटाची बटणं लावून हात घालणारी बाई मी आजवर बघितली नाही."

"बटणांवरून माणसाला तुरुंगात टाकायचं?" थीड म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाले ते आठवा," मी म्हटले. "बाह्यांखाली दोन्ही मनगटांवर बोटांचे निळे वळ होते. ती कपडे धूत नव्हती. आणि ज्यानं ही बटणं लावली त्याला मनगटं झाकायची होती."

मग एकाने खोकून म्हटले की आपण हे पाहिलेच नव्हते. दुपारी चारच्या सुमारास बाराही जणांनी एकमताने ब्रॅमला दोषी ठरवले. दहा वर्षांची सजा झाली. त्या संध्याकाळी मी सिग्नेला घरी आणले. तिच्या हातात एक लाकडी चमचा होता, तो तिने तीन दिवस सोडला नाही.

कलम तिसरे. माझा मुलगा ऑरिन.

कायद्यानुसार मृत्युपत्रात अपत्याचे नाव राहून गेले तर आईला विसर पडला असे धरून त्याला वाटा देतात. म्हणून स्पष्ट लिहिते: ऑरिन लॉकर्बी हा माझा एकुलता एक मुलगा. मला त्याचा विसर पडलेला नाही. मी त्याला जाणूनबुजून, आठवण ठेवून, काहीही देत नाही. एक चमचासुद्धा नाही.

१८८७ च्या फेब्रुवारीत प्रदेशाच्या वरच्या कोर्टाने दुसऱ्याच एका खटल्यात निकाल दिला की १८८३ चा कायदा कायदाच नव्हे. कारण काय, तर त्याच्या शीर्षकात फक्त जुन्या संहितेच्या कलमाचा आकडा होता, विषय सांगितलेला नव्हता. तीन वर्षांहून जास्त काळ आम्ही मत दिले, पंच झालो, माणसांना सजा दिल्या, आणि हे सगळे एका ओळीच्या मथळ्यापायी वाऱ्यावर गेले. मथळा पुरुषांनी लिहिला होता. चूक पुरुषांची, दंड आम्हाला.

ऑरिन तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकता वकील झालेला. एप्रिलमध्ये त्याचे पहिले काम आमच्याच कोर्टात असल्याचे कळले. कोणाचे, ते त्याने सांगितले नाही. मी त्याचा शर्ट स्वतः इस्त्री केला आणि वर गॅलरीत जाऊन बसले. शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाले, "तो बघ, माझा."

तो उभा राहिला सायलस ब्रॅमच्या बाजूने. वरिष्ठ वकिलाने त्याच्या हातात कागद दिला आणि त्याने स्वच्छ, मोठ्या आवाजात वाचले. "कॉर्डेलिया बाँड, पंच नाही. ऱ्हुडा पेल, पंच नाही. ॲन स्टॅनिफर, पंच नाही." मग तो थांबला. मला वाटले, आता बसेल खाली. "ऑर्फा लॉकर्बी, पंच नाही. कायद्याच्या दृष्टीने या चार व्यक्ती त्या खोलीत नव्हत्याच."

निकाल रद्द झाला. मी कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला गाठले.

"आई, हे माझं मत नाही. अशिलाचं म्हणणं आहे."

"मग तोंड कुणाचं होतं?"

"मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी तरी वाचलंच असतं."

"वाचू द्यायचं होतंस दुसऱ्याला! बारा जणांत मी नव्हते म्हणतोस? तुझी आई त्या खोलीत नव्हती? मग त्या बाईच्या बाह्या कुणी बघितल्या रे?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. मी इथं आहे की नाही, ते तरी त्यांना कळेल."

जूनमध्ये बारा पुरुषांसमोर खटला पुन्हा चालला. झगा टेबलावर होता. बटणांबद्दल कोणी विचारले नाही. ब्रॅम सुटला. पुढे सतरा वर्षे तो याच रस्त्याने जायचा आणि अंगणात सिग्नेला बघून टोपी उचलायचा. १९०४ साली आपल्या घरी, आपल्या पलंगावर, उशीला टेकून मेला. गावाने दुकाने बंद ठेवली. मी माझे जेवणघर मुद्दाम उघडे ठेवले आणि त्या दिवशी मटण केले.

१९०९ साली ऑरिन राज्याच्या विधिमंडळात होता. बायकांना मत देणारी घटनादुरुस्ती लोकांपुढे ठेवायचा ठराव आला, त्याने बाजूने हात वर केला आणि राजधानी ओलिंपियाहून थेट माझ्या दारात आला, हॅट हातात घेऊन.

"आई, मी तुला ते परत द्यायला लावलं."

"परत? तुझं होतं का ते, द्यायला? मोडलंस तेव्हा आईला विचारलं नाहीस, आता सांगायला आलास. चहा पिऊन जा, हवा तर."

त्याने चहा घेतला नाही.

कलम चौथे. माझे पती.

कै. इनॉक लॉकर्बी यांची करवतींना धार लावायची हत्यारे, कानशी आणि करवत पकडायचा शेगडा लाकूड कापायच्या गिरणीतल्या नील्स याला द्यावीत, कारण त्याला ती वापरता येतात. इनॉक भले गृहस्थ होते. त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही आणि माझ्यासाठीही कधी उचलला नाही.

१८८८ साली विधिमंडळाने नवा कायदा केला. या खेपेस मथळा ऐसपैस दिला आणि आत लिहिले की बायका मत देतील पण ज्युरीवर बसणार नाहीत. कोर्टाने तोही मोडला. मग १८८९ साली आम्ही राज्य होणार ठरले आणि राज्यघटनेबरोबर एक वेगळा प्रश्न पुरुषांपुढे ठेवला गेला: बायकांना मत असावे का? इनॉक मतदान करून आले तेव्हा मी विचारले, "काय टाकलंत?" ते कुत्र्याला खायला घालू लागले. तेरा वर्षांनी, शेवटच्या आजारात, आपण होऊन म्हणाले, "ऑर्फा, तेव्हा मी कोराच टाकला."

"नाही असं लिहिलं नव्हतं ना?"

"नाही आणि हो, काहीच लिहिलं नाही. गावात राहायचं होतं आपल्याला."

मी त्यांच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले आणि बाहेर जाऊन लाकडे फोडली, चूल महिनाभर पुरेल इतकी. विरोधात मत टाकणाऱ्याशी भांडता येते. कोऱ्या कागदाशी काय भांडायचे?

त्यांच्या शेजारीच मला पुरावे. त्यांना तेवढी शिक्षा पुरे.

कलम पाचवे. बचत.

बँकेत माझे जे काही असेल त्यातून दफनाचा खर्च वजा जाता उरेल ते हॅलम लँडिंगच्या मताधिकार समितीला द्यावे. येत्या आठ नोव्हेंबरला पुरुष त्या दुरुस्तीवर मत देतील. मतपत्रिकेवरच्या मथळ्यात 'मतदारांच्या पात्रतेविषयी' एवढेच आहे. बाई हा शब्द या वेळीही मथळ्यात नाही. पण या वेळी मथळ्यावर कोणाचीच हरकत नाही. दुरुस्ती हरली तर पैसे पुढच्या खेपेसाठी ठेवावेत. जिंकली तर नदीपलीकडे ओरेगनच्या बायांना पाठवावेत.

कलम सहावे. दफनविधी.

प्रवचन नको. निकाल रद्द झाल्यावर त्या रविवारी चर्चमध्ये "परमेश्वराने स्त्रीला तिच्या जागी परत नेले" असे सांगितले गेले, ते मी ऐकले आहे, आणि एका आयुष्यात तेवढे पुरे. ऑगस्ट थीडने माझ्या शवपेटीला हात लावू नये. ब्रॅम सुटल्यावर तो दुकानात म्हणाला होता, "मला आधीपासूनच शंका होती." कोणती शंका, ते विचारायला मी दोनदा त्याच्या घरी गेले. दोन्ही वेळा त्याच्या बायकोने तो नाही म्हणून सांगितले. मागच्या खिडकीत त्याचा पाइप धुमसत होता.

रॅग्नहिल्ड टोर्सेनच्या थडग्यावर लाकडी पाटी आहे ती कुजली. तिथे दगड बसवावा आणि त्यावर एवढेच कोरावे: हिला मारण्यात आले. ब्रॅमचे नाव कोरू नये. तिच्या दगडावर त्याला जागा नको.

हे मी वाचून, समजून सही करत आहे. मृत्युपत्रावर बाईची साक्ष चालते असे कळते. माणूस मेल्यावर बाईचा शब्द चालतो, मारला गेल्यावर चालत नाही. म्हणून दोन्ही साक्षीदार मी मुद्दाम बायाच घेतल्या आहेत.

सही: ऑर्फा हॅस्किन्स लॉकर्बी
साक्षीदार: १. कॉर्डेलिया बाँड २. सिग्ने टोर्सेन
हॅलम लँडिंग, दिनांक १२ सप्टेंबर १९१०

पुरवणी

मी, वरील ऑर्फा लॉकर्बी, अजून मेलेले नाही. दुरुस्ती मंजूर झाली. जवळजवळ दोनास एक अशी मते पडली म्हणतात. गिरणीचा भोंगा वाजवला, पोरी रस्त्यात नाचल्या. सिग्नेने बातमीचे खिळे स्वतः जुळवले आणि बोटांची शाई तशीच ठेवून घरी आली.

ती म्हणाली, "मावशी, आता तरी राग सोड."

मी म्हटले, "मत परत आलं. निकाल कुठं परत आलाय?"

काल, रविवारी, ऑरिन आला. सत्तेचाळीस वर्षांचा झाला, केस पिकले. मी हे मृत्युपत्र त्याच्यापुढे टाकले. नंतर कोणी वाचून दाखवण्यापेक्षा माझ्यासमोर वाचलेले बरे. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळे वाचले. तिसऱ्या कलमाशी त्याचे कान लाल झाले. शेवटचे पान मात्र त्याने दोनदा वाचले.

"आई, साक्षीदार कोण आहेत?"

"दिसत नाही? नावं वाचायची तर तुला सवय आहे."

तो म्हणाला, "सिग्नेची सही आहे. आणि घरही सिग्नेलाच आहे. ज्याला मिळायचं तोच साक्षीदार असेल तर त्याला दिलेलं रद्द होतं. बाकी मृत्युपत्र राहतं, पण घर आणि जमीन तिला जात नाही."

"मग कुणाला जाते?"

"वारसाला. मला."

सिग्ने चुलीपाशी उभी होती. तिच्या हातातला डाव भांड्यात तसाच राहिला.

"तू गप्प बसला असतास तर?" मी विचारले.

"तर तुझ्यामागे घर माझं झालं असतं."

"मग का बोललास?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "वाचलं, दिसलं, बोललो."

मी त्याच्या शब्दावर विसंबले नाही. आज सकाळी कॉर्डेलियाला आगबोटीने पलीकडच्या गावी एका म्हाताऱ्या वकिलाकडे पाठवले. ती दुपारी परत आली, धापा टाकत, आणि म्हणाली, "पोरगा खरं बोलतोय."

म्हणून ही पुरवणी. वरील मृत्युपत्र शब्दशः जसेच्या तसे मी आज पुन्हा कायम करते. सिग्नेची साक्ष काढून टाकावी. घर आणि जमीन तिचीच. तिसरे कलम मी पुन्हा वाचले. त्यातला एकही शब्द बदललेला नाही. मी ऑरिनला माफ केलेले नाही. पुढेमागे कोणी म्हणेल की म्हातारी शेवटी विरघळली, म्हणून हेही लिहून ठेवते.

साक्षीदार दोन लागतात. कॉर्डेलिया होती. डॉक्टर बाळंतपणाला गेलेले, शेजारी खाडीवर. मी सिग्नेला म्हटले, कोणाला तरी बोलाव. तेव्हा ऑरिन, जो कालपासून गेला नव्हता आणि ज्याला मी राहा म्हटले नव्हते, खुर्चीतून उठला.

"मी करतो सही. मला यात काहीच मिळत नाही, तेव्हा माझी साक्ष चालेल."

मी कागद त्याच्याकडे फिरवला. मग दौत पुढे सरकवली.

"कर. वाचता येईल अशी कर."

सही: ऑर्फा हॅस्किन्स लॉकर्बी
आमच्या समक्ष सही केली: १. कॉर्डेलिया बाँड २. ऑरिन लॉकर्बी, मुलगा
हॅलम लँडिंग, वॉशिंग्टन राज्य, सोमवार, दिनांक १४ नोव्हेंबर १९१०